ब्लॉकमध्ये पेपर आहे

परदेशात पीएच.डी. करणाऱ्यांना नाताळची सुट्टी असते आणि सुट्टी संपते न संपते तोच परीक्षाही असते. शहाणी मुलं अशा सुट्टीत लायब्ररीच्या आसपासच राहतात. मी भोपाळचं तिकीट काढलं. माझ्या गाइडनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा लावला. ती पात्रता परीक्षा हुकली असती तर बाडबिस्तरा गुंडाळून कायमचंच घरी यावं लागलं असतं. पुढे मी ती पास झालो, तेव्हा वाचकांनी तिची काळजी करू नये. माझ्या जिवाला लागलेली काळजी वेगळीच होती.

ती होती वरच्या काकूंची. कारखान्याच्या टाउनशिपमध्ये आमचं क्वार्टर पहिल्या मजल्यावर, त्यांचं बरोबर आमच्या डोक्यावर. काका माझ्या वडिलांच्याच कारखान्यात होते. ते नुकतेच रिटायर झाले होते आणि संक्रांतीनंतर क्वार्टर सोडून दोघं नागपूरला आपल्या घरी जाणार होते. काकू घरी शिवणकाम करायच्या. त्यांच्या पायमशीनची खडखड छतातून आमच्या खोलीत उतरायची. त्या आवाजाखाली मी पाढे पाठ केले, गोवर काढला, रुसून बसलो. तिकडच्या भाड्याच्या खोलीत मला आईच्या स्वयंपाकापेक्षा त्या खडखडीची आठवण जास्त यायची. हे आईला मी अजून सांगितलेलं नाही. तर काकू जाण्याआधी त्यांना भेटायचं आणि ती मशीन एकदा ऐकायची, एवढ्यासाठी मी निघालो. मोठ्या बॅगेत त्यांच्यासाठी कापड कापायची झकास कात्री होती. हातातल्या बॅगेत पुस्तकं होती, ती मी दोन विमानतळांवर छातीशी धरून वाहिली. वाचली एकही नाही.

आमच्या ब्लॉकचा एक जुना कायदा होता. कुणाच्याही घरी बोर्डाची परीक्षा असली की सगळा ब्लॉक चिडीचूप. टीव्ही हळू, जिन्यातल्या गप्पा बंद. माझ्या बारावीला ऐन लग्नसराईत काकूंनी मशीन बंद ठेवली आणि आलेली ब्लाउजं बाजारातल्या टेलरकडे पाठवून दिली. मी काही मागितलं नव्हतं. मार्कही त्या त्यागाला शोभतील असे पडले नाहीत.

मी पोचलो त्या दिवशी आई दुधाच्या बूथवर सहज म्हणाली, "पोराची परीक्षा आहे." बस्स. पोराच्या कपाळावरचे केस मागे सरकलेत, याचा कुणी विचार केला नाही. तळमजल्यावरच्या आंटींनी भाजीवाल्याला गेटवरच अडवलं. "भैया, आवाज़ मत लगाना, ब्लॉक में पेपर है." हे मला खिडकीतून ऐकू आलं आणि इतका अभिमान वाटला की मी ताबडतोब पुस्तक उघडलं.

उघडलं आणि झोपलो. तिकडची रात्र माझ्या डोळ्यांत तशीच होती. जागा झालो की जेवायचो, दार लावायचो, एक परिच्छेद वाचून डोळे मिटून त्यावर विचार करायचो. काकू कोथिंबीर भरलेल्या सांबारवडीचा डबा घेऊन आल्या, तो आईने दारातच घेतला. मी वड्या संपवल्या आणि ठरवलं, हा एक चॅप्टर झाला की वर जायचं. चॅप्टर मोठा होता. वरून आवाज नव्हता, पण काकू बाजारात गेल्या असतील, अशी मी रोज समजूत घालायचो.

एका दुपारी कारखान्याच्या भोंग्याने जाग आली. भोंग्याला आईचं सांगणं लागू नव्हतं. मला स्वतःचीच लाज वाटली आणि चॅप्टर तसाच टाकून, कात्री घेऊन मी वर गेलो. दाराला कुलूप होतं. पाटीच्या जागी चार खिळे उरले होते.

"नागपूरला रिकामा जाणारा ट्रक मिळाला, म्हणून सकाळीच निघाले," आई म्हणाली. "मी तुला बोलवायला निघाले होते. त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, अभ्यास करून राहिला न तो, राहू द्या."

ट्रक गेटबाहेर उभा केला होता. सामान सगळ्यांनी अनवाणी उतरवलं होतं. मशीन चौघांनी उचलली, जिन्यात कुठेही आपटू दिली नाही. घरापर्यंत आलेला मी झोपून राहिलो होतो. हातात कात्री धरून मी रडलो, आणि त्या वयात ते कसं दिसतं याची मला कल्पना आहे.

दुसऱ्या दिवशी मी नागपूरची गाडी पकडली. वडील एवढंच म्हणाले, "पुस्तक घे."

नागपूरच्या घरात अजून खोकी रचलेली होती. मशीन खिडकीशी, चादर घातलेली. काकूंनी कात्रीच्या धारेवरून अंगठा फिरवला, हसल्या, मग विचारलं, "पेपर झाला का?"

"नाही, व्हायचाय."

त्यांनी लगेच काकांना रेडिओ बंद करायला लावला. मला राहवेना.

"काकू, मी अभ्यास नव्हतो करत. झोपलो होतो."

"माहीत आहे न," काकू म्हणाल्या. "तुझं घोरणं वर येत होतं. म्हणून तर मशीनला हात नाही लावला. आईला सांगितलं असतं तर तिने तुला उठवून टेबलाशी बसवलं असतं. इतक्या दुरून दमून आलेलं पोरगं, झोपू दे म्हटलं."

मी म्हणालो, "मला त्या आवाजातच बरी झोप लागते, काकू."

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं, मशीनवरची चादर बाजूला केली आणि पाय लावला. मी पुस्तक उशाला घेतलं.