एका चापाला एक गोळी

ओपल स्टिडमने काउंटीच्या शाळेत एकतीस वर्षं पोरांना जेवू घातलं. एवढ्या काळात तिच्या नावावर गुन्हा एकच. चर्चच्या जेवणाला एकदा तिने विकतचा केक घरचा म्हणून नेला होता. तोही पचला नाही. पुढच्या रविवारी भर प्रार्थनेत उठून तिने कबूल करून टाकलं आणि केक आवडलेले सगळे लोक उगाच ओशाळले.

अशा बाईला अडुसष्टाव्या वर्षी वाटायला लागलं, की आपल्याला दहा वर्षांची शिक्षा होणार. ती काय करणार? तिने भांडी घासली. घासलेली पुन्हा घासली.

हे भूत मानगुटीवर बसवलं क्लाइड नेपियरने. डेलमर, म्हणजे ओपलचा नवरा, जाऊन सहा आठवडे झाले होते. क्लाइड त्याचा जुना दोस्त आणि तेवढाच जुना वैरी. बोलायचा असा, की प्रत्येक वाक्य दगडात कोरून ठेवायचंय.

"ओपल," तो टोपी छातीशी धरून म्हणाला. मग थांबला. "डेलमर." पुन्हा थांबला. "माणूस होता."

"हो रे. मीच धुवायचे त्याचे कपडे," ओपल म्हणाली. "कॉफी घेतोस?"

क्लाइडने कॉफी घेतली, घोट घेतला, तोही कोरून घेतला. मग म्हणाला, "तळघरातल्या त्या मशीनगनचा कागद कुठाय?"

"कसला कागद?"

"सरकारी. शिक्का मारलेला. माझ्या मशीनगनचा मी चौकटीत घालून भिंतीवर लावलाय, आईच्या फोटोशेजारी. खरी मशीनगन घरात ठेवायची तर कागद लागतो, बाई. कागद नसेल तर दहा वर्षं. कुणाची आहे, कुणी आणली, विचारत नाहीत. घर कुणाचं, एवढंच विचारतात." त्याने कप खाली ठेवला. "सोमवारी येतो. तोवर शोध. नाही सापडला तर वकिलाचं नाव घेऊन येतो. तुझ्या भल्यासाठी सांगतोय."

तो गेला आणि ओपलच्या तोंडचं पाणी पळालं.

कारण मशीनगन तळघरात होती, हे खरंच होतं. तिच्या आईने शिवलेल्या गोधड्यांखाली, तिपाईसकट. ती खरी आहे, हे तर अख्ख्या केंटकीला माहीत होतं. डेलमरनेच सांगितलं होतं. अठरा वर्षं तो केशकर्तनालयात, खाणीच्या फाटकाशी, लोकांच्या अंत्ययात्रांतसुद्धा सांगत आला होता. "अस्सल! सैन्यातली! ती हल्ली मिळतात ना, एकेक गोळी उडवणारी, ती कसली मशीनगन? दात पाडलेलं अस्वल ते! दारात बांधायचं आणि पाहुण्यांना सांगायचं, जपून हं, चावतं!" यावर तो स्वतःच मांडीवर थाप मारून हसायचा आणि लोक म्हणायचे, मग एकदा उडवून दाखव की. डेलमर लगेच कपाळाला हात लावायचा. "मिनिटाला पाचशे गोळ्या खाते रे ती! गोळ्या काय माझ्या अंगणात उगवतात?"

ओपलने त्या संध्याकाळपासून घर उलथंपालथं केलं. डेलमर कागद टाकणारा माणूस नव्हता. एकोणऐंशी सालच्या ट्रॅक्टरची हमी निघाली. मेलेल्या तीन कुत्र्यांच्या लशीचे दाखले निघाले, नावाने वेगळे लावलेले. मासे धरण्याचे परवाने तर वर्षवार. मशीनगनचा कागद मात्र नाही. म्हणजे हरवलेला नाही; या माणसाकडे नसेल तर तो नव्हताच.

शुक्रवारी जत्रेच्या मैदानावरच्या हॉलमध्ये बंदुकांचं प्रदर्शन होतं. ओपल चर्चचा कोट घालून तिथे गेली आणि सगळ्यात दयाळू दिसणाऱ्या दुकानदारापाशी उभी राहिली.

"माझी एक मैत्रीण आहे," तिने सुरुवात केली. "तिचा नवरा वारला. आणि तळघरात..."

दुकानदाराने दोन्ही हात वर केले, जणू तिनेच त्याच्यावर काही रोखलंय. "आज्जी, थांबा! मी काही ऐकलं नाही. माझा हा कान जन्मापासून बंद, आणि हा दुपारी बंद असतो."

"नुसतं विचारते, माझी मैत्रीण..."

"तुमच्या मैत्रिणीला माझा नमस्कार सांगा!"

शेजारच्या टेबलावरचे दोघं आकाशात पक्षी बघायला लागले. आकाश कुठलं, छत होतं.

शनिवारी दुपारी ओपलने ठरवलं: तळ्यात. आजोबांच्या वेळचं तळं होतं, खोल, गाळाचं. तिने ती वस्तू एकेक पायरी करत तळघरातून वर ओढली. वजन जवळजवळ शाळेतल्या पहिलीच्या पोराएवढं, आणि तेवढंच अंग टाकून देणारं. हातगाडीत घालून वर गोधडी पांघरली आणि ती मागच्या वाटेने निघाली. तेवढ्यात अंगणात वेन्डल फ्यूगेटचा ट्रक येऊन उभा राहिला.

वेन्डल पूर्वी कोळशाच्या खाणीत वेल्डर होता. सुतकाच्या घरी लोक जेवणाची भांडी पाठवतात, बुडाला चिकटपट्टीवर नाव लिहून. त्याच्या बायकोचं भांडं तसंच राहिलं होतं आणि तो तेच न्यायला आला होता. वेन्डल बोलतो कसा? आधी "अं" येतं, मग बराच वेळ काही येत नाही, मग वाक्य येतं तेव्हा ऐकणाऱ्याचं जेवण झालेलं असतं. वयाने मोठ्या बाईला तो तिकडच्या रीतीप्रमाणे 'मिस'च म्हणतो.

"अं... मिस ओपल. आमचं... काचेचं..." मग त्याला गोधडीखालून डोकावणारी नळी दिसली. "अं."

"तळ्यात टाकतेय," ओपल म्हणाली आणि तिथेच रडायला लागली. कागद, दहा वर्षं, सोमवार, वकील, सगळं एका दमात बाहेर पडलं. "जाताना मला हे बक्षीस देऊन गेला तो! तुरुंगात मला केस तरी रंगवू देतील का रे?"

वेन्डलने टोपी काढली, घातली, पुन्हा काढली. मान लाल झाली. "मिस ओपल, मी... शब्द दिलाय."

"कुणाला?"

"डेलमरला."

"तो मेलाय!"

"तेच ना. जिवंत माणसाकडून शब्द परत घेता येतो."

"वेन्डल फ्यूगेट," ओपल रुमालाऐवजी गोधडीने डोळे पुसत म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम शाळेच्या खाणावळीतला झाला, ट्रे उलटवणाऱ्या पोरासाठी राखून ठेवलेला. "तुझा शब्द जड की माझी दहा वर्षं?"

वेन्डलने हिशेब केला. वेळ लागला, पण केला. "ती खरी नाहीये," तो म्हणाला.

"काय?"

"एकेक गोळीवाली आहे. आम्हीच जुळवली, माझ्या शेडमध्ये. जुने सुटे भाग, पण बाजूची लोखंडी पाटी नवी, आतलं काम नवं. सतत सुटतच नाही ती. कायद्याच्या दृष्टीने साधी रायफल. तिला कागद... लागतच नाही."

ओपल हातगाडीच्या काठावर बसली.

"खऱ्या मशीनगनच्या किमतीत तुमचं घर आलं असतं. आणि ह्या दुसऱ्या जातीला त्याने गावभर इतक्या शिव्या घालून ठेवल्या होत्या, की... मग सांगणार कसं? माझ्याकडे यायचा शनिवारी. आम्ही दोघंच उडवायचो. लहान पोरासारखा खूश असायचा. वीस गोळ्यांत... दुपार जायची."

"मला दाखव," ओपल म्हणाली.

"मी सांगतोय की..."

"सांगण्यावर या घरात फार दिवस काढले. दाखव."

तळ्यापलीकडे मातीचा उंच बांध होता. वेन्डलने तिपाई मांडली, ट्रकमधून आवाज अडवायला कानावर लावायचे डबे आणले, पट्ट्यात पाच गोळ्या भरल्या. ओपल चर्चला बसावं तशी मागे बसली. तिने चाप दाबला.

बांधावरून माती उडाली. एकदाच.

तिने चाप सोडलाच नाही. डोळे मिटून, दात आवळून, अंगातली सगळी ताकद बोटात आणून दाबूनच धरला. काही नाही. पक्षी परत बोलायला लागले. तिने सोडला, पुन्हा दाबला. एक. सोडला, दाबला. एक. पाचव्या गोळीनंतर ती गवतावर आडवी झाली आणि तिला हसू फुटलं. पोट धरून हसली. सहा आठवड्यांत घशाखाली नीट घास उतरला नव्हता, तिला तिथल्या तिथे कडाडून भूक लागली.

"थापाड्या!" ती आभाळाकडे बघून ओरडली. "अरे लबाडा, निदान मला तरी सांगायचंस! मी कुणाला सांगणार होते?"

वेन्डलने यावर थोडा विचार केला. "अं... चर्चमध्ये," तो म्हणाला.

तेही खरंच होतं.

सोमवारी क्लाइड आला, वकिलाचं नाव लिहिलेली चिठ्ठी खिशात घेऊन. ओपलने बीन्स आणि मक्याची भाकरी त्याच्यापुढे ठेवली, स्वतःचीही बशी भरली आणि खाता खाता सगळं सांगून टाकलं. डेलमरची झाकली मूठ तिने जेवणाच्या टेबलावर उघडी केली आणि तिला काडीचंही वाईट वाटलं नाही.

क्लाइडचा चमचा हवेत राहिला. आता हसेल, आता मांडीवर थाप मारेल म्हणून ती तयारच होती.

"चालते कशी?" त्याने विचारलं. कोरलेलं नाही, साधंच विचारलं.

"अडकत नाही."

"तू उडवलीस?"

"पाच. पुष्कळ वेळ पुरल्या."

क्लाइडने बीन्स ढवळले. "माझ्या पाच गोळ्या शिंकेच्या आत संपतात. आणि आतला एखादा भाग मोडला तर आता मिळायचा कुठे? चार वर्षं झाली, मी ती कपाटातून काढलेली नाही." मग खिडकीकडे बघत म्हणाला, "शनिवारी... तुझं काही असतं का?"

"गोळ्या तुझ्या तू आणायच्या. आणि वेन्डलला बोलू द्यायचं, कितीही वेळ लागला तरी."

"कबूल." तो पुढे वाकून कुजबुजला, "पण गावात काय सांगायचं? अर्धीच मशीनगन होती म्हणून?"

"अर्धी होती असंच सांगायचं, आणि मोठ्याने," ओपल म्हणाली. "पुरी असती तर मी आज बीन्स तुरुंगातले खाल्ले असते." आणि तिने भाकरीचा दुसरा तुकडा त्याच्या आधी उचलला.