मारुतीच्या ओट्यावर माझं स्टेटमेंट

बँकेचा मेसेज आला तेव्हा माझा उजवा हात पट्टीत होता. डाव्या अंगठ्यानं कसाबसा उघडला. स्टेटमेंट कागदावर घरपोच हवं असेल तर यापुढे दर पाकिटामागे पैसे कापले जातील, मोबाइलवर हवं असेल तर फुकट. खाली दोन चौकोन. एकावर बोट ठेवायचं, झालं काम. पैसे काही फार नव्हते, दोन चहांचे. तरी मी फोन उशीखाली सारून दिला.

मी हिंगोलीकडचा. आठवीत शाळा सुटली, पुढे गावातल्या चार पोरांबरोबर ठेकेदाराच्या हाताखाली कारखान्यांच्या वस्तीला, रसायनीला आलो. खातंही ठेकेदारानंच काढून दिलं, सगळ्या पोरांचं एकदम, कागदांच्या झेरॉक्स गोळा करून. पत्ता पडला गावचा. त्यामुळे बँकेचं पाकीट माझ्या खोलीवर कधीच आलं नाही. ते दर तीन महिन्यांनी जायचं बाबांकडे.

बाबांना वाचता येत नाही. पाकीट आलं की ते तसंच बंद घेऊन संध्याकाळी मारुतीच्या ओट्यावर जायचे. तिथं गुरुजी बसलेले असायचे, मला चौथीपर्यंत शिकवलेले, आता निवृत्त. गुरुजी चष्मा पुसून पाकीट फोडायचे आणि पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचायचे, एखाद्याचं पत्र वाचावं तसं. ओट्यावर बसलेले बाकीचेही ऐकायचे. मी पत्र कधी लिहिलं नाही. फोनवर आम्ही दोघंही 'बरं आहे ना, बरं आहे' एवढंच बोलणारे. माझी खबर बाबांना मिळायची ती या पाकिटातून.

सुरुवातीला त्यात पगार आणि एटीएम एवढंच असायचं. पुढे मी फोनवरून पैसे द्यायला लागलो आणि पंचाईत झाली. प्रत्येक चहा, प्रत्येक वडापाव कागदावर उमटायला लागला. पाकीट पोचलं की दुसऱ्या दिवशी बाबांचा फोन ठरलेला.

"कारं, चा लई प्यायला लागलास म्हणं?"

"कोण म्हणतं?"

"गुरुजी वाचू वाचू थकले. पानभर नुसता चाच हाय. अन् कर्जतला कामून गेलतास?"

"मित्राबरोबर गेलतो, बाबा."

"तिथं चपला घेतल्यास. पहिल्या कुठं गेल्या?"

असं. मी चिडायचो, पण खोलीतली पोरं हसायला लागली की मलाही हसू यायचं. आपल्या चपलांची कुणीतरी इतक्या लांबून चौकशी करतंय, याचं बरंही वाटायचं.

पण या वेळेला पाकिटात चहा आणि चपलांपेक्षा वेगळं काही जाणार होतं. कंपनीत वाफेचा पाइप सुटला आणि माझा हात कोपरापर्यंत भाजला. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, नंतर बघू. मी खोलीवर येऊन हात बादलीत घालून बसलो. घरमालकीणकाकींनी दारातून बघितलं आणि रिक्षा बोलावून मला थेट कर्जतला नेलं. त्यांचं माहेर कर्जतजवळच्या कडावचं, तिकडचा एक डॉक्टर त्यांच्या ओळखीचा. तिथं तीन दिवस ठेवलं. बिल मी फोननं भरलं. भरताना एवढंच डोक्यात होतं की पैसे पुरतात का. ओटा आठवला तो खोलीवर परत आल्यावर.

गावाहून मला सोडताना बाबांची एकच अट होती. अंगाला काही झालं तर त्याच दिवशी गाडी धरायची, मग पगार किती का असेना. मी त्यांना पॅकिंगचं काम म्हणून खोटंच सांगितलं होतं. आता गुरुजी वाचणार, कर्जत, हॉस्पिटल, एवढे एवढे. सगळा ओटा ऐकणार. आणि बाबा म्हणणार, ये परत. गावात मला काम नाही. इथं निदान दोन वेळचं भागवून घरी चार पैसे पाठवत होतो. परत गेलो की ते संपलं. आणि नाही गेलो तर बाबा जेवायचे नाहीत, हेही मला ठाऊक होतं.

मोबाइलवरचा चौकोन दाबला तर ही ओळ कुणी वाचणार नाही. पण मग पाकीटच जाणार नाही, आणि पाकीट नाही आलं की बाबा काय काय मनात आणतील? दोन्हीकडून मेलोच.

काकी मला भरवत होत्या त्या दिवसांत. तांदळाची भाकरी, वर सुक्या जवळ्याचं, म्हणजे वाळवलेल्या बारीक कोलंबीचं, कालवण. मी ज्वारीवर वाढलेला, पहिल्यांदा त्या वासानंच उठून गेलो होतो. आता दुसऱ्याच्या हातून मुकाट्यानं खात होतो. त्यांना मेसेज सांगितला.

"मंग दाब ना एक," काकी म्हणाल्या. "यवढा इचार करतोस, पोरगी बगायला गेलास काय?"

"बाबांना कळेल, काकी."

"कललं तर कलंल. बापूस हाय तो, पोलीस नाय."

"ते परत बोलावतील."

काकींनी पुढचा घास कालवला. "तू बोलू नको आता. ठसका लागंल."

त्या भांडी घेऊन गेल्या आणि मी मोबाइलचा चौकोन दाबला. 'आपली विनंती स्वीकारली' असं आलं. त्या स्वीकारण्यानं छातीवरचं ओझं उतरेल असं वाटलं होतं. उतरलं नाही.

तिमाही संपली. बाबांचे फोन सुरू झाले. "पाकीट नाई आलं रं." मी म्हटलं, पोस्टाचं काही खरं नाही. दोन दिवसांनी पुन्हा, "पोस्टमन म्हणतो, काईच नाई. नोकरी हाय ना?" आहे, बाबा. "मग पाकीट कामून नाई?" मी विषय काढला पावसाचा. आवाज हलका ठेवायचा प्रयत्न करत होतो.

मग मोबाइलवर स्टेटमेंट आलं. मला ते बघायचंच होतं. हॉस्पिटलचं नाव स्पष्ट छापतात, की नुसता काहीतरी नंबर येतो? नंबर असेल तर मी उगाच घाबरलो, कागद पुन्हा सुरू करता येईल. पण ते उघडेना. नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्माचा दिवस-महिना टाका म्हणे. आधार कार्डावर माझी जन्मतारीख एक जानेवारी आहे. ती टाकली. चूक. पुन्हा टाकली. चूक. आता खातंच बंद पडलं तर, म्हणून तिसऱ्यांदा टाकायची हिंमत होईना. मग आठवलं, ठेकेदारानं शाळेच्या दाखल्याचीही झेरॉक्स घेतली होती. त्यावर काय तारीख होती? मला माहीत नव्हतं. आठवीनंतर कुणी विचारलीच नव्हती.

दाखला गावी, पेटीत. बाबांना विचारून उपयोग नाही. मी गुरुजींना फोन लावला.

"एक जून," गुरुजी लगेच म्हणाले.

"बघून सांगता का, गुरुजी?"

"बघायचं काय त्यात? तुझ्या अख्ख्या वर्गाची एक जून आहे. तुझी आई म्हणाली, ज्वारी काढणीला होती तेव्हा झाला. आता ज्वारीची तारीख मी कुठून आणू? एक जून लिहिलं की पोरगं पहिलीत बसायचं." जरा थांबून म्हणाले, "कशाला हवी? बँकेचं का?"

मी हो म्हणून बसलो. गुरुजींशी खोटं बोलायला जीभ कधी वळलीच नाही.

"मोबाइलवर घेतलंस होय. मी म्हणतच होतो तुझ्या बाबांना. हे बघ, इथंच बसलेत. रोज येऊन बसतात."

फोन बाबांकडे गेला. ओट्यावरचे आवाज ऐकू येत होते, कुणीतरी खोकत होतं.

"पाकीट तुझ्याकडंच हाय व्हय?" बाबा म्हणाले. आवाजात राग नव्हता, सुटकाच होती. "मग वाच की."

"आत्ता?"

"गुरुजींचे डोळे बी आता गेलेच. तूच वाच."

मी फोन स्पीकरवर ठेवून एक जून टाकली. उघडलं. मी अक्षरं जोडत वाचायला लागलो. पगार. चहा. चहा. रिचार्ज. गावाकडे पाठवलेले. बाबा प्रत्येक ओळीला 'हं' म्हणत होते. ती ओळ मला दोन ओळी आधीच दिसली. नंबर वगैरे काही नव्हता, हॉस्पिटल, कर्जत, असं स्वच्छ छापलेलं. ती गाळून पुढची वाचणं मला सहज जमलं असतं. तिकडे कुणाला कळणार होतं? पण बाबांचं ते 'हं' एका लयीत येत होतं. पुढच्या 'हं'साठी ते थांबलेले मला ऐकू येत होते.

"कर्जत," मी म्हणालो. "दवाखाना."

"कुणाचा?"

"माझा. हात भाजला होता. आता बरा आहे."



"कोणता?"

"उजवा."

"मग जेवलास कसा?"

"काकींनी भरवलं. घरमालकीण."

"तिला दे फोन."

मी स्पीकर बंद करून बाहेर गेलो, काकी अंगणात भात पाखडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं, हात पदराला पुसले आणि फोन कानाला लावताना मोठ्यानंच बोलल्या, जणू हिंगोलीला ऐकू जायला तेवढं ओरडावंच लागतं. "हां, बोला. नाय, आता चांगला हाय. मूठ वलतेय. खोटं कशाला सांगू? डाग रायलाय. खातो ना, जवला पन खातो आता." मग बराच वेळ नुसतं हं, हं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत उभा होतो. ये परत, असं तिकडून निघालं असेल तर ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसेल, असं मला वाटत होतं. काहीच दिसेना.

त्यांनी फोन परत दिला.

"मी येतो," बाबा म्हणाले. "हात बघतो, मग ठरवू तुझं काय ते. पत्ता सांग."

"पत्ता?"

"तुझा. इतकी पाकिटं आली, सगळ्यांवर माझाच पत्ता."

ते हिंगोलीच्या पलीकडे कधी गेलेले नाहीत. कल्याणला उतरायचं, फलाट बदलायचा, कर्जतची गाडी धरायची, तिथून पुढे रसायनीची बस, हे सगळं त्यांना पाट्या न वाचता करायचं होतं. मी म्हटलं, मीच येतो घ्यायला. तर म्हणाले, रजा घेशील अन् पगार कापतील, तू पत्ता सांग. गुरुजींनी कागद घेतला. मी सांगत गेलो, ते लिहीत गेले, आणि प्रत्येक ठिकाणी मी दोनदा म्हणत होतो, इथं कुणालातरी विचारा, बाबा, एकट्यानं चढू नका.