आमच्या मीडियन काकू

एक्सेलमध्ये आकड्यांचा रकाना दिसला की काकू आधी चष्मा पुसत आणि मग स्क्रीनवर बोट ठेवून एकेक आकडा वाचत. "फॉर्म्युला टाका हो काकू, क्षणात सरासरी येईल," असं मी म्हणालो की वसकन अंगावर येत. "नक्को घाई करू! आधी बघ तरी, आत कोण कोण बसलंय." सुनेवर सासूचा असावा तसा त्यांचा सरासरीवर अविश्वास. लाडका होता तो मधला आकडा, म्हणजे मीडियन. म्हणून हैदराबादच्या आमच्या सरकारी कचेरीत, सांख्यिकी विभागात, त्या मीडियन काकू.

चिक्कडपल्लीच्या घरून डबा आणत आणि जेवताजेवता शिकवत. "एक दांडगा आकडा घुसला ना, की सरासरी त्याच्यामागं पळत सुटते. मीडियन जागचं हलत न्हाई." हे आम्ही ज्वारीच्या भाकरीबरोबर रोज गिळायचो. टायपिस्ट वेंकटेश तर त्यांचा पट्टशिष्य. मराठी त्याला सगळं कळे, बोलायचा मात्र हैदराबादी दखनी हिंदी.

मग आंध्र-तेलंगण अशी राज्याची वाटणी झाली आणि कचेरीचीही. एक विभाग विजयवाड्याला जायचा होता. कोणता, हे ठरवायला साहेबांनी नामी युक्ती काढली. प्रत्येकानं आपली जायची तयारी एक ते दहामध्ये, नावाशिवाय, शीटमध्ये लिहायची. ज्याची सरासरी जास्त, तो विभाग अख्खा जाणार. माझा संसार नुकताच दिलसुखनगरला लागलेला. मी 'एक' ठोकला आणि निर्धास्त मनानं चहाला गेलो.

दुसऱ्या दिवशी साहेबांचा आनंद गगनात मावेना. "क्या जोश है! आपके सेक्शन का एवरेज पूरा दस!"

आम्ही धावत जाऊन शीट उघडली. काकू बोटानं एकेक ओळ वाचत खाली आल्या आणि शेवटच्या ओळीवर खो खो हसत सुटल्या. दहा जणांचा एक-एक, आणि अकराव्याचे शंभर! मी ती ओळ उडवायला धावलो, तर हातावर चापट बसली. "उडवतोस कशाला? माणूस हाय तो. इचार की त्याला."

वेंकटेश हळूच उभा राहिला. "आपीच सिखाए ना काकू, एक बड़ा नंबर सबको खींच लेता बोलके. अम्मा-नान्ना उधर विजयवाड़ा के बाजू गुंटूर में अकेले हैं. मेरा दस तुम लोगां के एक-एक में डूब जाता था."

असा हशा उठला की शेजारच्या विभागातली माणसं धावत आली. आईबापांना भेटायला हा पठ्ठ्या अख्खा विभाग सोबत घेऊन निघाला होता! काकूंनी त्याचा कान धरला आणि त्याला तसंच साहेबांपुढे नेलं. "साब, दस लोगां नहीं जाते, एक जाता. इसमें एवरेज कायकू?" साहेबांनी शीट पुन्हा वाचली आणि तेही हसू लागले. आमचा विभाग राहिला. वेंकटेशला जाणाऱ्या विभागात घातलं.

सिकंदराबाद स्टेशनवर आम्ही त्याला वरातीसारखा गोंधळ घालत पोचवायला गेलो. काकूंनी भाकरी-ठेच्याचं गाठोडं त्याच्या हातात कोंबलं, पाठीत धपाटा घातला. गाडी सुटली. आमचे हात अजून हवेतच होते.

"चांगलं झालं, आईबापाजवळ जातंय पोरगं," काकू म्हणाल्या. मग लगेच, "पण त्यानं जाऊ नये असं लई वाटत होतं रे मला," आणि भर प्लॅटफॉर्मवर हमसून रडू लागल्या. आम्ही सगळे त्यांच्याभोवती उभे होतो. त्यांना हवा होता तो गाडीत बसून गेला होता.