सत्त्याऐंशी नंबरची चावी

मार्लिस हापाला टॅमरॅक पॉइंटच्या पोलीस ठाण्यात एकतीस वर्षं टेबलामागे बसली. पोलीस ती कधीच नव्हती. फोन उचलायचा, तक्रारी टाइप करायच्या, कुत्र्यांचे परवाने द्यायचे, आणि चार शिपाई अन् त्यांचा साहेब कॉफीचे कप न धुता तसेच टाकून गेले की त्यांना फैलावर घ्यायचं, एवढं तिचं काम. पण गावात कुणी बर्फात घसरून पडलं, कुणाचा नवरा पिऊन दारं बडवायला लागला, की लोक म्हणत, मार्लिसला फोन कर. पोलिसांना फोन कर असं त्या गावात फारसं कुणी म्हणत नसे. याचा तिला अभिमान होता, आणि तो ती लपवतही नसे.

तिच्या पाठीमागच्या भिंतीवर चाव्यांचा फळा होता. हिवाळ्यात अर्धं गाव फ्लोरिडाला पळतं. मागे घरातले नळ गोठून फुटू नयेत म्हणून लोक चावी ठाण्यात ठेवून जात. एकटीदुकटी म्हातारी माणसं तर कायमचीच ठेवत. फळ्यावर नुसते नंबर. कुठला नंबर कुणाचा, त्याची यादी मार्लिसच्या खणात असे, पण तिला ती बघावी लागत नसे. चौदा नंबर म्हटलं की तिला घर, अंगण आणि अंगणातला चावरा कुत्रा सगळं डोळ्यांपुढे येई.

एप्रिलमध्ये नगरपालिकेने ठराव केला. खाण बंद पडून सहा वर्षं झाली होती, तिजोरीत खडखडाट होता, स्वतःचे पोलीस परवडत नव्हते. एक जुलैपासून गावाची राखण काउंटीचा शेरीफ करणार. चार विरुद्ध एक. शेरीफचं कार्यालय अडतीस मैलांवर. सभेला शेरीफ स्वतः आला होता. माणूस उमदा, दात पांढरेशुभ्र. सेवेत तसूभर फरक पडणार नाही म्हणाला. मागून कुणीतरी विचारलं, गाडी यायला किती वेळ लागेल? ते परिस्थितीवर अवलंबून आहे, असं म्हणून त्याने दात दाखवले. शेवटच्या रांगेत विणत बसलेल्या मार्लिसचे चार टाके त्या संध्याकाळी चुकले.

मग काउंटीच्या वकिलाचा कागद आला. लोकांच्या घरांच्या चाव्या ठेवण्याची जोखीम काउंटी घेणार नाही. प्रत्येक घरी पत्र पाठवा, सही घेऊन चावी परत करा, तीस जूनपर्यंत फळा रिकामा झाला पाहिजे.

आता सत्त्याऐंशी नंबरबद्दल सांगायला हवं. ती चावी कांगासबाईंची. हिल्मा कांगास, वय चौऱ्याऐंशी. गावच्या शाळेत त्यांनी अडतीस वर्षं तिसरीचा वर्ग सांभाळला, त्यामुळे अर्धं गाव त्यांना अजून बाई म्हणूनच हाक मारतं, मार्लिससुद्धा. खाणीच्या रस्त्याच्या टोकाला त्यांचं घर. चार वर्षांपूर्वी त्यांचा मुलगा लायल बायकोने हाकलल्यावर आईकडे परत आला. लाकडाच्या गिरणीत पहिल्या पाळीला जायचा, तीनला परतायचा. चर्चमध्ये दार उघडून धरणारा, बोलायला गोड. आणि तो आल्यापासून बाईंचं चर्चला येणं कमी झालं, मग थांबलं. एकदा मनगट मोडलं, एकदा डोळ्याखाली काळंनिळं झालं. काउंटीच्या कल्याण खात्याची एक पोरगी दोनदा येऊन गेली. बाईंनी तिला कॉफी आणि वेलदोड्याचा निसू पाव खायला घातला, सगळं छान आहे म्हणाल्या, आणि पोरगी तसं लिहून घेऊन गेली.

ती पोरगी येऊन गेली त्याच हिवाळ्यात बाई काठी टेकत ठाण्यात आल्या आणि हातमोज्यातून चावी काढून टेबलावर ठेवली.

"ही असू दे तुझ्याकडे. लायलला ठाऊक नाही, ठाऊक व्हायलाही नको. रोज नऊला तो कामावर असताना मी तुला फोन करीन. नाही आला, तर कुणाला तरी पाठव."

तक्रार लिहून घेऊ का, असं मार्लिसने विचारलं. बाईंनी वर्गात फाजील प्रश्न विचारणाऱ्या पोराकडे बघावं तसं तिच्याकडे बघितलं. पोटच्या पोराचं नाव त्या पोलिसांच्या कागदावर घालणार नव्हत्या. विषय संपला.

चावी एकदाच वापरावी लागली. मागच्या फेब्रुवारीत साडेनऊपर्यंत फोन आला नाही, म्हणून साहेब ऑरिन पेल्टियर स्वतः गेला. बाई त्यांच्या खोलीत होत्या आणि खोलीला बाहेरून कडी. आदल्या दुपारपासून. ऑरिनने कडी काढली, त्यांना पाणी दिलं, गोळ्या दिल्या, दवाखान्यात चला म्हणून हातापाया पडला. त्या नाही म्हणाल्या. वर त्याला विनवलं की तीनच्या आत पुन्हा कडी लाव आणि जा, उघडी दिसली तर माझी धडगत नाही. ऑरिनने कडी लावली. ठाण्यात येऊन हे मार्लिसला सांगताना तो रडला होता, आणि त्यानंतर त्याने तो विषय कधी काढू दिला नाही.

असं सगळं माहीत असलेल्या मार्लिसने जूनमध्ये काय करावं? यादी समोर घेऊन एकशे त्रेचाळीस पाकिटांवर पत्ते घातले. एकही नंबर सुटता कामा नये, हा तिचा खाक्या. हात चालत होते आणि डोक्यात एकच, की आता आपली खुर्ची जाणार. टपालखात्याच्या पेटीत गठ्ठा टाकून ती घरी गेली, आणि दुसऱ्या दिवशी नऊला फोनवर बाईंचा आवाज ऐकला तेव्हा तिला त्या गठ्ठ्यातलं एक पाकीट आठवलं. सत्त्याऐंशी.

ती तशीच पोस्टात धावली. पोस्टमास्तर डेलबर्ट तिच्या वर्गातला, पण टपालाच्या बाबतीत तिच्याहून कडक. पेटीत पडलेलं पत्र ज्याच्या नावचं त्याचंच, आणि आज सकाळीच गाडीत चढलंय, म्हणाला. त्या रस्त्यावर टपाल एकला पडतं, लायल तीनला येतो. म्हणजे मध्ये दोन तास होते. मार्लिसने जेवणाच्या सुट्टीचा फलक लावला आणि गाडी काढली.

रस्त्याच्या कडेला खांबावर कांगासांची टपालपेटी. तिने झाकण उघडलं. वरच पत्र होतं, ठाण्याचा शिक्का ठळक. हात घालायचा आणि खिशात टाकायचं, एवढंच काम. पण दुसऱ्याच्या पेटीतलं टपाल काढणं हा गुन्हा, आणि त्या गुन्ह्यासाठी कोर्टात उभ्या राहिलेल्या दोन पोरांचे कागद तिनेच टाइप केले होते. समोरच्या अंगणात गवत कापणारा शेजारी यंत्र थांबवून बघत होता. त्याने हात हलवला. तिनेही हलवला आणि झाकण लावलं.

मग तिला सुचलं की पत्र बाईंच्या नावचं आहे, तर बाईंनाच विचारावं. बाई हो म्हणाल्या की गुन्हा राहत नाही. आणि ती घराकडे चालत गेली. नियमाने वागणाऱ्या माणसाची बुद्धी अशी ऐन वेळी दगा देते.

बाईंना खिडकीपर्यंत यायला वेळ लागला. काच वर करायला आणखी. मार्लिसने जे झालं ते सांगितलं. बाईंचा चेहरा पांढरा पडला, पण आवाज चढला नाही.

"अगं मग विचारतेस काय? काढ की."

मार्लिस वळली तेव्हा लायलची पिकअप पेटीपाशी उभी होती. शुक्रवार होता, आणि शुक्रवारी गिरणी दुपारीच सुटते. हे तिला गावातल्या कुठल्याही माणसाइतकंच माहीत होतं. गाडीतूनच हात बाहेर काढून त्याने टपाल घेतलं, पत्र फाडलं आणि स्टिअरिंगवर ठेवून सावकाश वाचलं. मग मान वर करून हसला.

"मार्लिसबाई, आज इकडे कुठे वाट चुकलात?"

इकडूनच जात होते, असं ती पुटपुटली. त्याने तिला वाट करून दिली. गाडी काढून निघताना तिला आरशात खिडकीची काच खाली येताना दिसली.

सोमवारी तो आईला घेऊन ठाण्यात आला. जूनच्या उकाड्यात बाईंच्या अंगात पूर्ण बाह्यांचा स्वेटर होता, गळ्यापर्यंत गुंड्या लावलेल्या. मार्लिसने खटपट केली. सही आतल्या खोलीत घ्यावी लागते म्हणाली. लायल म्हणाला, चला की, मीही येतो. ऑरिन दारात येऊन उभा राहिला आणि बाईंना विचारलं, तब्येत कशी आहे. छान, म्हणाल्या. त्याच्याकडे त्यांनी बघितलं नाही, आणि त्याच्यानेही फार वेळ बघवलं नाही.

"बाई, ही चावी तुमची. ठेवायची असली तर महिनाअखेरपर्यंत ठेवता येते," मार्लिस म्हणाली. "तुम्ही सांगाल तसं."

"मला आठवतच नाही गं, कधी दिली ते." आवाज वर्गातला, खणखणीत. बाईंनी सही केली. अक्षर अजून पाटीवर गिरवून द्यावं असं होतं.

"आईला हल्ली काहीच आठवत नाही," लायलने चावी खिशात टाकली. "एवढी वर्षं सांभाळलीत, उपकार झाले. आता तुमच्या डोक्याचा ताप गेला."

दुसऱ्या दिवशी नऊला फोन आला नाही. मार्लिसने लावून बघितला तर हा नंबर बंद आहे, असं यंत्र बोललं. ऑरिन गेला. लायलने रजा टाकली होती. दारातच उभा राहिला, आई झोपलीय म्हणाला. ना तक्रार, ना चावी, ना आतून आवाज. ऑरिन परत आला आणि टोपी टेबलावर ठेवून बसून राहिला. आठ दिवस उरलेत, पुढचं शेरीफ बघेल, म्हणाला. मार्लिसने त्याला आयुष्यात पहिल्यांदा भित्रा म्हटलं. त्याने ते ऐकून घेतलं, कारण खरं होतं. तिने आतापर्यंतचं सगळं चार पानांत लिहून काउंटीला पाठवलं. पोच आली.

तीस जूनला फळा उतरवला. दोन माणसांनी कपाटं ट्रकमध्ये भरली, आणि नगरपालिकेने केक आणला होता तो मार्लिसने कापला नाही.

एक जुलैला सकाळी ती खाणीच्या रस्त्याला गेली. पिकअप दारात होती. दार वाजवलं, कुणी उघडलं नाही. मागच्या बाजूने बाईंच्या खिडकीखाली उभी राहून तिने हाक मारली. आत काहीतरी हललं, पडल्यासारखं वाजलं आणि शांत झालं. तिने तिथूनच शेरीफच्या कार्यालयात फोन लावला. पलीकडची मुलगी सभ्य होती. पत्ता विचारला, तुम्ही त्यांच्या कोण लागता विचारलं, तुम्ही प्रत्यक्ष काय पाहिलंत विचारलं. मार्लिसने चार पानांचं सांगितलं. त्या पत्त्यावर माझ्याकडे काही दिसत नाही, मुलगी म्हणाली; जुने कागद अजून संगणकावर चढवायचेत. गाडी मोकळी झाली की पाठवते.

गाडी सव्वाचार तासांनी आली. तोवर मार्लिस पायरीवर बसून होती, डास मारत. शेरीफचा डेप्युटी तरुण होता, गाव त्याला नवीन. त्याने दार वाजवताच लायलने उघडलं. अंगात स्वच्छ शर्ट. आणि आईला दंडाला धरून त्याने स्वतःच पुढे आणलं. बाईंचे केस विंचरलेले, तोच स्वेटर.

"आजी, सगळं ठीक ना? कुणी त्रास देत नाही ना?" डेप्युटीने विचारलं. लायल शेजारीच होता.

"बाई, माझ्याबरोबर चला," मार्लिस मध्येच बोलली. "आत्ता. आहात तशा. माझ्या घरी खोली रिकामी आहे."

बाईंनी तिच्याकडे बघितलं. इतकं बघितलं की मार्लिसला वाटलं, आता पाऊल टाकणार. लायलची दंडावरची बोटं हललीही नाहीत.

"तू घरी जा, मार्लिस," त्या म्हणाल्या. "आणि पुन्हा येऊ नकोस गं."

दार लागलं. डेप्युटी तिला गाडीपर्यंत सोडायला आला. वाईट नव्हता पोरगा. निवृत्त झाल्यावर सवय लगेच जात नाही, माझ्या वडिलांचंही तसंच झालं, म्हणाला. मग गाडीतल्या यंत्रावर टाइप करू लागला. काय लिहितोयस, तिने विचारलं.

"पत्त्यावर टीप टाकतोय, मॅडम. चौकशी केली, तथ्य नाही, ओळखीची बाई वारंवार काळजीपोटी फोन करते. म्हणजे पुढच्या वेळी आमच्या लोकांची उगाच धावपळ नको."

अशा टिपा मार्लिसने एकतीस वर्षं स्वतः टाकल्या होत्या. त्या कशा वाचल्या जातात ते तिला कुणी सांगायला नको होतं. यापुढे त्या घरातून कुणी ओरडलं, शेजाऱ्याने फोन केला, खुद्द बाईंच्या हाती फोन लागला, तरी गाडी सगळ्यांच्या शेवटी निघणार होती. आणि ही तजवीज लायलने केलेली नव्हती, तिने केली होती.