चौदा घरांचं सुतक

एसटीच्या थांब्यावर मला पोचवायला एकटी आई आली होती. सासरच्या घरातून कोणी आलं नाही, आणि येऊ नये अशीच माझी इच्छा होती. नवरा जाऊन वर्ष झालं होतं. मुंबईच्या गिरणीतून खोकत खोकत तो गावी परतला आणि सहा महिन्यांत आटोपला. मी तेव्हा चोवीस वर्षांची, सातवी पास, पदरात मूल नाही. वर्षभर सासरचं खळं सारवलं, गुरांचं शेण काढलं, सगळ्यांची जेवणं झाली की उरलंसुरलं खाल्लं, आणि एक दिवस सांगून टाकलं की मी मुंबईला जाते. गाडी येईपर्यंत आईने मला एकच गोष्ट तीनदा विचारली, "गो, थंय तुका कोण वळाखता?" तिसऱ्यांदा मी म्हटलं, "म्हणानच जातंय." कोणी ओळखत नाही, म्हणूनच. ती रडायला लागली. मला रडू आलं नाही. वाडीत अजून सांगतात की सुनंदा रडत-भेकत गेली. साफ खोटं आहे. मी खिडकीची जागा धरून बसले होते आणि पुढे बघत होते.

वाडीत राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारख्या वाडी सोडून आलेल्यांनो, इतकी वर्षं तुम्ही माझी गोष्ट तुमच्या सोयीने सांगताय. देव असताना घरात खोटं सुतक आणणारी बाई, एवढीच माझी ओळख करून देता. आता माझ्याकडूनही ऐका. माफी मागायला हे लिहीत नाहीये, ते आधीच सांगते.

ऐंशी साल उलटून थोडीच वर्षं झाली होती. जोगेश्वरीला, पूर्वेच्या बाजूला, लेणी मागे टाकून डोंगर चढलं की आमची झोपड्यांची लाइन लागायची. बावीस दारं. त्यातली चौदा आमच्या भावकीची, तीन आपल्याच गावच्या सुतारवाडीतल्या भावांची, चार बाहेरच्यांची, आणि सगळ्यात टोकाचं, नाल्याला लागून, माझं. ते मला आबा भावजींनी मिळवून दिलं. आबा भावजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले चुलतभाऊ. गिरणी बंद पडल्यावर अंधेरीला एका सोसायटीत वॉचमन होते आणि लाइनीत त्यांचा शब्द चालायचा. त्यांनी बांबू आणले, पत्रा टाकला, त्यांच्या बायकोने, शेवंता वयनीने, मला दोन हंडे डोक्यावर घेऊन डोंगर कसा चढायचा ते शिकवलं. हे उपकार मी नाकारत नाही. पुढे जे झालं ते हे सगळं धरूनच झालं.

मला एमआयडीसीत गोळ्यांच्या कंपनीत पॅकिंगला काम मिळालं. पट्ट्या खोक्यात भरायच्या, खोकी पेटीत. आठ तास उभं राहून पाय भरून यायचे, पण तिथे मी नुसती सुनंदा होते. कोणाची विधवा सून नव्हते. तिसऱ्या महिन्यात मी हातात काचेच्या बांगड्या घातल्या. हिरव्या नाही, निळ्या. लाइनीत कुजबुज झाली. शेवंता वयनी म्हणाली, "गो, लोक काय म्हणतले?" मी म्हटलं, लोकांनी आठ तास उभं राहून बघावं, मग म्हणावं.

आपल्या माणसांचं एक आहे. नोकरी गेली तरी चालेल, पण गणपतीला गाव चुकता कामा नये. पहिल्या वर्षी मीही गेले. स्वैपाकघरात मोदक वळायला बसले तर सासूबाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं, "तू फुडे येव नको, मागच्या पडवीत बस." आरतीच्या टाळ्या मी पडवीत बसून ऐकल्या. दुसऱ्या वर्षी गेलेच नाही. मग काय, लाइनीला आयती राखणदारीण मिळाली. गणपतीच्या आदल्या दिवशी सतरा घरांनी दारं ओढली आणि किल्ल्या माझ्याकडे दिल्या. जाताना वयनी म्हणाली, "माझ्या तुळशीक पाणी घाल गो." सगळी हसत-खिदळत डोंगर उतरून गेली आणि लाइन एकदम सुनी झाली.

चतुर्थी सोमवारी होती. मंगळवारी सकाळी झोपड्यांची मोजणी करणारी दोन माणसं डोंगरावर हजर. आम्हाला सांगितलं होतं दिवाळीनंतर येतील. मुद्दाम गणपतीत आले की कोणी वेळापत्रक बदललं, मला आजही ठाऊक नाही. एकाच्या हातात रजिस्टर, दुसऱ्याच्या हातात रंगाचा डबा आणि ब्रश. दारावर नंबर पडला तर झोपडी टिकणार, नंबर नसेल ती तोडायला गाडी येणार, हे सगळ्या डोंगराला माहीत होतं. आणि रजिस्टरवाला एकेका कुलपासमोर उभा राहून लिहीत चालला होता, बंद. बंद. बंद.

मी किल्ल्या घेऊन धावले. पहिली चार दारं धडाधड उघडली. आतली भांडी दाखवली, भिंतीवरचे फोटो दाखवले, कोणाला किती मुलं, कोण कुठे कामाला, सगळं घडाघडा सांगितलं. तो म्हणाला, "बाई, कुलूप काढलंत म्हणजे माणूस आला का?"

मी म्हटलं, "माणसं गणपतीला गावी गेलीत. तुम्ही नाही गेलात?"

"माझी ड्यूटी आहे," तो म्हणाला. माणूस वाईट नव्हता. त्यानेच सांगितलं की शुक्रवार संध्याकाळपर्यंत ते ह्या डोंगरावर आहेत. तोवर घरातलं मोठं माणूस कागद घेऊन दारात उभं असेल तर तो नंबर टाकेल. नंतर रजिस्टर बंद.

मी तशीच अंधेरीच्या तार ऑफिसात गेले. एक तार आबा भावजींना, एक सुतारवाडीच्या भावांना. मोजणी चालू आहे, शुक्रवारच्या आत या. बुधवारी संध्याकाळी भावजींचं उत्तर आलं. कमिंग आफ्टर गौरी, यू मॅनेज. सुतारवाडीकडून तेही नाही. यू मॅनेज! ज्या बाईला मखराजवळ उभं राहायची परवानगी नाही तिने सतरा घरं मॅनेज करायची. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की मी ते कागदाचं चिटोरं नाल्यात भिरकावलं. पण राग जरा निवला आणि मला दिसायला लागलं, ह्यांची घरं खरंच जाणार. वयनीची तुळस, तिने माती वाहून आणून लिंपलेला ओटा, सगळं. आणि गावी ती खुशाल आरत्या म्हणत बसणार.

घरात गणपती बसलेला असताना आपला माणूस गाव कशासाठी सोडतो? नोकरीसाठी नाही, आजारपणासाठी नाही. फक्त सुतक पडलं तर. भावकीत कोणी गेलं की देवाला त्याच दिवशी बाहेरच्या कोणाच्या हातून पाण्यात पोचवतात आणि मग माणसं मोकळी होतात. भावकीतलं मेलं कोण असं सांगायचं, हा प्रश्न होता. दुसऱ्या कोणाचं नाव घ्यायला जीभ धजेना. स्वतःचं घ्यायला काय हरकत होती? जिवंतपणी मी पडवीतली होते, पण मेले तर चौदाच्या चौदा घरांना माझं सुतक लागणार होतं. हा माझा हक्क कोणी काढून घेतला नव्हता.

त्याच रात्री मी पुन्हा अंधेरीला गेले. खिडकीतल्या कारकुनाने मजकूर वाचला. सुनंदा एक्स्पायर्ड, स्टार्ट इमिजिएटली. त्याने चष्म्यावरून बघितलं. "तुमची कोण?"

"जवळचीच," मी म्हटलं.

"वाईट झालं," असं म्हणून त्याने शिक्का मारला. बाहेर आल्यावर मी देवाला हात जोडले. मी देव मानते. तेव्हाही मानत होते.

गणपतीच्या दिवसांत मुंबईकडे येणारी एसटी रिकामीच असते, त्यामुळे जागा मिळायची अडचण नव्हती. शुक्रवारी सकाळी मी नळावर कळशी भरत होते तेव्हा भावकीची माणसं डोंगर चढून आली. पुढे आबा भावजी, मागे बाकीचे, आणि रडून डोळे सुजलेली शेवंता वयनी. तिने मला पाहिलं आणि मटकन पायरीवर बसली. भावजी दोन ढांगांत माझ्यापर्यंत आले आणि त्यांनी हात उगारला.

मी म्हटलं, "मारा. पण आधी दारात उभे राहा. रंगाचा डबा वर येतोय."

त्यांनी वळून पाहिलं. मोजणीवाले खालची लाइन संपवून आमच्याकडे चढत होते. भावजींचा हात तसाच वर राहिला, मग खाली आला. त्यांनी माझ्याकडून किल्ली हिसकावून घेतली आणि दार उघडून उभे राहिले. त्यांचं बघून बाकीचे. दुपारपर्यंत चौदा दारांवर नंबर पडले. तेरा दिवस जिचं सुतक धरायचं ती बाई समोर धडधडीत उभी, आणि कोणी तिच्याकडे बघेना.

त्याच संध्याकाळी बैठक बसली आणि मला वाळीत टाकलं. बोलायचं नाही, हळदीकुंकवाचा तर प्रश्नच नव्हता, नळावरही माझ्यानंतर कोणी कळशी लावायची नाही. भावजी एवढंच म्हणाले, "आमच्या देवाक तू उपाशी पाण्यात घातलंस." मी घरी येऊन ढसाढसा रडले. गणपती माझाही होता. पण रडत होते तेव्हाही मनात पक्कं होतं की मी केलं ते बरोबर केलं.

सुतारवाडीचे तिघे भाऊ मात्र आले नव्हते. त्यांना माझं सुतक लागत नव्हतं. दिवाळीनंतर तोडकामाची गाडी आली आणि नंबरवाल्या दारांच्या मधून नेमकी ती तीन घरं उचलून नेली. दात पडल्यासारखी लाइन दिसायला लागली. त्यांच्या बायका उघड्यावर स्टोव्ह मांडून बसल्या होत्या. सगळ्यांना मी माझ्या खोलीत घेतलं. चौदा घरं वाचवल्याचा माझ्या मनात जो काही तोरा होता तो तिथे उतरला. त्यांच्यासाठी मला काहीच सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मी मोजणीच्या कचेरीतल्या बाकावर जाऊन बसायला लागले. सातवी पास बाईचं अक्षर चांगलं होतं, तेवढ्या भांडवलावर. अर्ज, पोचपावती, आवक नंबर, हे शब्द तिथे शिकले. साहेब साइटवर आहेत, साहेब मीटिंगमध्ये आहेत, बाई तुम्ही परवा या. मी परवा जायची. खाडे झाले म्हणून कंपनीने काढलं, तर डबे करून पोट भरलं. दीड वर्षाने एक साहेब कंटाळून म्हणाला, ही तीन कुटुंबं आधीपासून इथे राहत होती असं शेजाऱ्यांनी लिहून दिलं तर बघू. शेजारी म्हणजे कोण? मला वाळीत टाकलेली चौदा घरं.

मी कागद तयार केला आणि नळाजवळच्या दगडावर शाईच्या पॅडसकट ठेवून दिला. कोणाच्या दारात गेले नाही, कोणाची विनवणी केली नाही. सकाळ गेली, कोणी फिरकलं नाही. मग शेवंता वयनी आली. माझ्याकडे बघितलं नाही, बोलली नाही. अंगठा उठवला, पदराला पुसला आणि हंडा उचलून गेली. त्यानंतर एकेक करत सगळी आली. शेवटची सही आबा भावजींची, मोठ्या अक्षरात, सगळ्यात वर मोकळ्या सोडलेल्या जागेत. तीन घरांना नंबर मिळाले.

मग मी थांबलेच नाही. पलीकडच्या डोंगरावरून बायका आल्या, वाकोल्याहून आल्या, आरेच्या कडेच्या पाड्यावरून आल्या. आमचं पाणी, आमचा संडास, आमचं रेशनकार्ड. पुढे लोक मला कार्यकर्ती म्हणायला लागले, शाल-श्रीफळही मिळालं. गावाकडून पत्र आलं नाही. कोणी विचारलं की बाई ह्या कामात कशा पडलात, तर मी सांगते, तीन घरं माझ्या हातून सुटली म्हणून.

आज त्या लाइनीच्या जागी सात मजली बिल्डिंग आहे. आबा भावजी तिसऱ्या मजल्यावर, मी पाचव्या. भावकी माझ्याशी बोलायला लागली त्यालाही जमाना झाला, पण गावच्या देवळात गाऱ्हाणं घालून, नारळ ठेवून, चुकलं म्हटल्याशिवाय मला घरच्या गणपतीला बोलावणं नाही. गेल्या श्रावणात भावजींनी मला बोलावून घेतलं. नव्वदीला आलेत, कानाने कमी ऐकू येतं. म्हणाले, "सुनंदा, एकदाच म्हण, चुकलंय. मी जिवंत आसंय तवसर मिटवून टाकूया."

मी त्यांच्या कानाशी वाकून म्हटलं, "भावजी, तेव्हा तुम्ही आला नसतात, तर आज हे मला कुठे बसून सांगितलं असतंत?"

 भावजी वयनीला हाक मारून म्हणाले, "हिका चाय दी."

गाव मला आवडत नाही असं नाही. तिथली माती, आईचं घर, सगळं आठवतं. पण जिथे उभं राहण्यासाठी मला आधी मान खाली घालावी लागेल ते घर मी माझं म्हणणार नाही. माझं घर हा डोंगर आहे, जिथे माझ्या शब्दावर दारं उघडली. नारळ मी ठेवीन, देवाशी माझं भांडण नाही. चुकलं मात्र म्हणणार नाही. पुन्हा रजिस्टर घेऊन कोणी आलं आणि पुन्हा सतरा दारं बंद असली, तर मी पुन्हा मरेन, आणि ह्या वेळी सुतारवाडीलाही सुतक लागेल अशी काहीतरी सोय करून मरेन.