तीन मार्कांना पाच मिनिटं

लेकीच्या बारावीच्या वर्षी आमच्या घरात अर्थशास्त्रावरून जेवढा मार पडला, तेवढा दुसऱ्या कशावरून कधी पडला नाही. आम्ही दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो. हे सेक्शन ऑफिसर. दर रविवारी सकाळी हे तिला जुना पेपर सोडवायला बसवत आणि जेवणाआधी तपासत. हातात लाकडी फूटपट्टी, तिच्या एका कडेला पत्रा बसवलेला. उत्तर चुकलं की ती कड बोटांच्या पेरांवर. रक्त आलं तर म्हणत, वहीला लागू देऊ नकोस.

यांनी सांगून ठेवलं होतं, अर्थशास्त्रात नापास झाली तर कॉलेज नाही. अकोल्याचं स्थळ आलेलं होतं, तिकडे द्यायची.

सहामाहीत ती नापासच झाली. शाळेत पालकांना बोलावलं. यांना रजा नव्हती, म्हणून मी गेले. मी चौथीपर्यंत शिकलेली. चारचौघांत बोलायची लाज, त्यात हिंदी. अर्थशास्त्राच्या बाईंसमोर पदर धरून नुसती उभी राहिले. त्यांनीच पेपर उघडून शेवटची कोरी पानं दाखवली आणि म्हणाल्या, "बहनजी, इसे सब आता है. पेपर ही पूरा नहीं करती."

संध्याकाळी यांनी मार्क पाहिले आणि तिचं डोकं टेबलावर आपटलं. पुढच्या दाताचा टवका उडाला. तो मी केर काढताना उचलला. बाईंचं बोलणं यांना सांगायला माझी जीभ रेटली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिच्याकडे तो पेपर मागितला. इंग्रजी मला वाचता येत नव्हतं, पण आकडे कळत होते, पानं मोजता येत होती. तीन मार्कांच्या प्रश्नाला तिनं तीन पानं लिहिली होती. मागणी आणि पुरवठ्याच्या दोन रेषा एकमेकींना छेदतात ती आकृती थेट तिसऱ्या पानावर होती. एवढं का लिहिलंस, विचारलं. ती म्हणाली, बाबा असंच लिहायला लावतात. आधी सगळा मागचा संदर्भ, परिच्छेदांना नंबर, आणि मुद्दा सगळ्यात शेवटी. उदारीकरणावर प्रश्न येणारच म्हणून त्याची तर त्यांनी सहा पानं पाठ करून घेतली होती.

मग मला उमगलं. हे घरी फायली आणत, त्यांतली टिप्पणी अशीच असायची. हे म्हणत, साहेबाला प्रकरण ठाऊक नसतं, त्याला पहिल्यापासून सांगावं लागतं. पण पेपर तपासणाऱ्या बाईंना तर सगळं आधीच ठाऊक होतं.

त्या दिवसापासून हे ऑफिसात असताना दुपारी मी गजराचं घड्याळ घेऊन तिच्याजवळ बसू लागले. सहा मार्कांना दहा मिनिटं, तीन मार्कांना पाच. एका मार्काला एकच ओळ. जे येतं ते आधी. आकृती काढायची तर उत्तराच्या सुरुवातीलाच, दोन्ही अक्षांना नावं देऊन. गजर झाला की वाक्य अर्धं असलं तरी जागा सोडायची आणि पुढच्या प्रश्नावर जायचं. तिचा हात थांबत नसे, बाबांची भीती हातात भिनलेली. मी पेन हिसकावून घेई. एकदा तिनं माझ्या मनगटाला कडकडून चावा घेतला. तरी मी पेन दिलं नाही. रविवारी यांच्यापुढे मात्र ती त्यांच्याच पद्धतीनं लिही.

बोर्डाचा पेपर सोमवारी होता. आदल्या दिवशी सकाळी यांनी नेहमीसारखा पेपर तपासायला घेतला आणि तिनं सवयीनं मध्ये सोडलेली जागा पाहिली.

"हे रिकामं कोणाला विचारून सोडलंस?"

यांनी तिचा उजवा पंजा टेबलावर दाबून धरला आणि फूटपट्टीची कड वर केली.

"मी सांगितलं," मी म्हणाले.

हे माझ्याकडे वळले. मग हसले. "तू? आता चौथी पास बाई बोर्डाचा पेपर लिहायला शिकवणार?"

फूटपट्टी खाली येताना मी तिच्या हातावर माझा हात ठेवला. माझ्या करंगळीतून काटकी मोडल्यासारखा आवाज आला. दुसरा फटका तिच्या अंगठ्यावर बसला, कारण मी हात काढून घेतला होता.

ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

सोमवारी तिचा अंगठा भोपळ्यासारखा टम्म सुजला होता. पानंच्या पानं लिहायची म्हटलं तरी तिला लिहिता आली नसती. घरी आली, चपला न काढता माझ्यापाशी येऊन म्हणाली, "सगळे प्रश्न लिहिले, आई. दहा मिनिटं उरली."

निकाल लागला. अर्थशास्त्रात तिला वर्गात दुसऱ्या नंबरचे मार्क होते. यांनी पेढे आणले, शेजारच्या साहेबांना बोलावलं. कॉलेजचा फॉर्म टेबलावर होता, त्यावर वडिलांची सही व्हायची होती. खिशातून पेन काढून हे शेजाऱ्यांना हिंदीत सांगत होते, मुलीला आपण ऑफिसच्या टिप्पणीची शिस्त लावली, फूटपट्टीशिवाय पोरं वळत नाहीत. शेजारी मान डोलवत होते.

लेक माझ्या शेजारी बसली होती. तिनं श्वास आत घेतला, टवका उडालेला दात दिसला. ती बोलणार, हे मला कळलं. मी तिच्या दंडाला मागून चिमटा काढला. तिनं कळवळून माझ्याकडे पाहिलं. मी आणखी जोर लावला, माझ्या वाकड्या करंगळीतून कळ गेली.

हे सावकाश, पूर्ण नाव लिहून सही करत होते. खाली रेघ मारली, दोन टिंबं दिली. मग मी चिमटा सोडला. तिच्या दंडावर माझ्या नखांनी रक्त आलं होतं.