आगोटीचा कोळसा

राजश्रीला एका जागी बसवून दाखवा, अशी पैज कुवारबावात खुशाल लावावी. हरायची भीती नाही. जेवायला बसली तरी बाईचा एक गुडघा उठायच्या तयारीत. कुलूप ओढून बघणार, फाटकापर्यंत जाणार, परत येऊन पुन्हा ओढणार. नवरा निलेश जहाजावर असतो. तो म्हणतो, "बोट मला लागत नाही, घरी आलो की गरगरतं." आणि शेजारच्या मालनने गावभर केलंय की राजश्री कोळशाच्या वखारीत कामाला आहे. मालनला तरी काय दोष द्यावा? संध्याकाळी परतते तेव्हा नखं काळीच असतात.

पण वखार नव्हे. मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत एक छोटा कारखाना आहे, तिथे कोळशाच्या भुकटीवर पॅलेडियम चढवतात. हा धातू सोन्याच्या पंगतीला बसणारा. ही भुकटी औषधांच्या कारखान्यात टाकली की अडलेली क्रिया चटकन होते आणि भुकटी मात्र होती तशीच राहते. लग्न जमवून नामानिराळा राहणारा मध्यस्थच म्हणा ना.

सगळी मेख टक्क्यात. पाच टक्क्यांचा माल म्हणजे तयार मालाच्या शंभर भागांत पाच धातू आणि पंच्याण्णव कोळसा. नवखे लोक कोळसाच शंभर घेतात आणि वर पाच धातू टाकतात. मग राजश्रीच्या तोंडाचा पट्टा सुरू: "जावयाला सोडून पंगत मोजता काय रे?" शिवाय धातू येतो क्षारातून, आणि त्या क्षारात धातू शंभरात साठच. तोही हिशेब तिला तोंडपाठ.

तर अशा या बाईवर प्रमुख दर्शनसरांनी यंदा पहिल्यांदाच अख्खी बॅच सोपवली. तपासणीचा अहवाल मागाहून येतो, माल आधी सहीवर लोट्याच्या औषध कारखान्याला जातो. आणि ही सही राजश्रीची एकटीची. नीट पार पडलं, तर पुढेही तिचीच. किलोभर मालाला पन्नास ग्रॅम धातू, साडेनऊशे ग्रॅम कोळसा. काट्यावर तिने दोनदा तोललं. ड्रम भरला, सही ठोकली, घरी आली.

संध्याकाळी सासू सगुणाबाई पापड तळत होत्या. पहिलाच पापड चिंध्यासारखा वाकला.

"चामट झाला गो! आगोटीला माझ्या हातानं डबा बांधलेला. वारासुद्धा शिरायचा नाय."

"शिरला तर खरा," राजश्री म्हणाली, आणि तिला कारखान्यातला कोळसा आठवला.

आगोट म्हणजे पावसाळ्याआधीची घरातली भरणी. मे महिन्यात कारखान्यात कोळसा आला तेव्हा राजश्रीनेही तशाच हौसेने पिशव्यांची तोंडं वळून, सुतळीने आवळून तो ड्रममध्ये भरला होता. नियम असा, की प्रत्येक बॅचआधी चिमूटभर कोळसा ओव्हनमध्ये तापवायचा, वजन किती उतरतं ते बघायचं आणि तेवढा कोळसा जास्त घ्यायचा. हिने तापवलाच नाही. आगोटीचा माल, त्यात कसली ओल! कुलूप चारदा ओढणारी बाई नेमकी इथे विसंबली. आणि हा कोळसा तर हवेतली ओल पापडापेक्षा हावरेपणाने पितो.

"कुठे गो चाललीस? पाऊस बघ!"

"कोळसा तळायला!"

स्कूटर मिरजोळ्यात पोचेपर्यंत तिने मनातल्या मनात तीन वेळा राजीनामा दिला. उरलेला कोळसा ओव्हनमध्ये ठेवला. मग फेऱ्या. खिडकी, ओव्हन, काटा, पुन्हा खिडकी. पहारेकरी काशीराम म्हणाला, "वहिनी, बसा जरा. तुम्हाला बघून माझे पाय दुखायला लागले."

वजन उतरलं, शंभराला दहा. म्हणजे तिने तोललेल्या साडेनऊशेत पंच्याण्णव ग्रॅम निव्वळ पाणी. कोरडा कोळसा आठशे पंचावन्न, धातू पन्नास. टक्का गेला साडेपाचाच्या वर.

समोर सकाळी लोट्याला निघायचा ड्रम, शेजारी कोरा, वाळलेला कोळसा. पंच्याण्णव ग्रॅम त्यात कालवला की सरासरी बरोब्बर पाच. अहवालही पाचच सांगणार. कुणाला कळणार? तिने चमचा उचललासुद्धा. पण अर्ध्या पंगतीला दोनदा वाढायचं, उरलेल्यांना कोरं पान, आणि वर म्हणायचं सगळे सारखे जेवले! काही कणांवर धातू, काही कोरे. असला माल लोट्याच्या भांड्यात कसा वागेल, हे तिला तरी कुठे ठाऊक होतं? चमचा खाली, पुन्हा वर. शेवटी तिने चमचा ठेवला आणि लोट्याला फोन लावला.

लोट्याची केमिस्ट शमिका हिने आकडा पुन्हा विचारून घेतला. मग म्हणाली, "ताई, बरं सांगितलंत. पाच समजून टाकला असता तर आमचं भांडं भलतंच तापलं असतं. खरा आकडा लिहून पाठवा, आम्ही माल कमी टाकू."

दर्शनसरांना कळवलं, तर ते मात्र उखडले. "एवढा महागाचा धातू तुम्ही फुकट वाटलात, राजश्रीताई. पुढच्या बॅचला सही माझी."

"हो सर."

"आणि ड्रमवरची चिठ्ठी बदला."

चिठ्ठी बदलून ती घरी आली. सगुणाबाई दारातच.

"नोकरी गेली काय गो?"

"नाय. सही गेली."

"मग जेव."

ती पानावर बसली. दोन घास खाल्ले, आणि हात न धुताच उठून आगोटीचे सगळे डबे उघडू लागली.